बाबा, शनिवारी रात्री आठला फोन करतो

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम. आम्ही सगळे बरे आहोत, पोरीची शाळा सुरू झाली, पुण्यात अजून नुसते ढग येऊन जायलेत, जालन्याकडं काय हालत आहे? परवा फोनवर बाबा जे बोलले ते डोक्यातून जाईना म्हणून रात्री जेवण झाल्यावर लिहायला बसलोय. फोनवर मी बोललो तरी बाबांना अर्धंच ऐकू येतं, त्यापेक्षा त्यांनी सावकाश वाचलेलं बरं.

बाबा तुम्ही म्हणालात, पाळकसायबांच्या प्रवचनातलं एक अक्षर ऐकू येत नाही आता, नुसतं बाकावर बसायला चर्चला कशाला जाऊ. मला लई वाईट वाटलं. कारण वचन ऐकायला मी तुमच्याकडूनच शिकलो आणि ते काही कानानं शिकलो नाही.

आठवतं का, एप्रिल-मे महिन्यात भर उन्हात तुम्ही नांगरट करायचे, मग ढेकळं तशीच तापू द्यायचे, मी विचारायचो पाऊस तर जूनमध्ये येणार, आत्तापासून कशाला. तुम्ही म्हणायचे पाऊस आल्यावर कोण नांगरतं, तेव्हा पेरायचं असतं. हराळी तर वरवर उपटूच द्यायचे नाही, कुदळीनं खणून मुळी काढायला लावायचे, हाताला फोड यायचे. आता येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला वाचताना मला आपलंच वावर दिसतं. लूकच्या 8 व्या अध्यायात खडकाळीवर पडलेलं बी ओलावा नाही म्हणून वाळलं असं आहे, ते आपल्या टेकाडाच्या मुरमाड तुकड्यासारखंच, तिथलं पीक पहिल्यांदा हिरवं दिसायचं आणि पंधरा दिवस पाऊस उघडला की माना टाकायचं. पण एक गोष्ट मला या वर्षीच लक्षात आली. आपल्या वावरातून जी पायवाट जाते ना, तिची माती काही वेगळी नाही, ती पण काळीच, सारखे पाय पडून पडून दगड झालेली. माझं मन तसं झालंय बाबा. सकाळपासून मोबाईल, ऑफिस, फ्लॅटचे हप्ते, सगळे त्याच्यावरून चालत जातात आणि रविवारी दहा मिनिटं आधी उठून पळत चर्चला जायचं, मग वचन दाखल्यातल्या वाटेवरच्या बियासारखं वरच्या वर राहतं आणि पाखरं नेतात.

आणि आई, तुझं शनिवारचं. संध्याकाळी कापडं इस्त्री, पीठ मळून ठेवणं, आणि मग कंदिलाजवळ बसून उद्याचा उतारा आजच वाचायची, आणि शनिवारी घरात कुणी भांडायचं नाही, भांडण असलं तर झोपायच्या आधी मिटवायचं. आम्हाला ते जाचक वाटायचं गं. आता कळतंय तू पण नांगरतच होतीस.

तुम्हाला सांगितलं नव्हतं, गेल्या महिन्यात पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं आणि भाकर-द्राक्षारस घ्यायला मला बाकावरून उठवेना. मत्तय 5 मधलं ते आठवलं, वेदीजवळ अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर. दादाशी बांधावरून दीड वर्ष बोललो नव्हतो. तसाच बाहेर आलो आणि गाडीपाशी उभं राहून त्याला फोन लावला. तो पण रडला. त्या दिवशीचं प्रवचन मी अर्धंच ऐकलं पण इतकं आत कधीच गेलं नव्हतं.

बाबा, शमुवेलाच्या पुस्तकात एली याजक म्हातारा झाला होता, डोळ्यांनी दिसत नव्हतं. तरी "बोल, तुझा दास ऐकत आहे" असं देवाला म्हणायला लहान शमुवेलाला त्यानंच शिकवलं. तुम्ही बाकावर बसलात की मागं बसलेली आपली पोरं तुम्हाला बघून शिकतात, खरंच.

तर असं करू. आई, पाळकसायबांना रविवारचा उतारा शुक्रवारीच विचारून ठेव. शनिवारी रात्री आठला मी व्हिडिओ कॉल करतो, दादा पण येणार आहे जोडीला. बाबांनी बायबल समोर उघडं ठेवावं आणि बोट ठेवून वाचावं, मी सावकाश मोठ्यानं वाचीन, नाही ऐकू आलं तर परत वाचीन. दिवाळीला आलो की कानाच्या मशीनसाठी संभाजीनगरला जाऊ, तोवर पहिल्या बाकावर बसा, पण बसा.

पेरणी झाली की कळवा.

तुमचा लेक