पाय आत ठेव

चि. मुक्ता,
अ. उ. आ.

रविवारी तू "ठेवते" म्हणून फोन कट केलास, त्याचा मला राग नाही. बाबा म्हणतात, मोडलेल्या पायाचा तो एक्स-रे तुला पाठवायला नको होता. पण तो इंटरनेटवरचा होता, आमच्याकडच्या कुणा पेशंटचा नव्हे, आणि तू "किती वेळा पाय, पाय करशील गं" म्हणालीस तेव्हा मला दुसरं काही सुचेना. असो. शनिवारी तुझं मोटारसायकलचं शिबिर सुरू व्हायच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून हे लिहितेय. फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. पायांबद्दल यात अक्षर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलेय.

ड्यूटीवर सगळ्यांना सांगून झालंय. मुलगी ऑफ-रोड शिकायला चाललीय म्हटलं की आधी "म्हणजे काय?" येतं. मग मी सांगते, रस्ता नसतो तिथे मोटारसायकल चालवायची, खडी, वाळू, चिखल, उभे चढ. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "अहो, पण रस्ता नाही तिथे जायचंच कशाला?" याचं उत्तर मलाही येत नाही. पण मी त्यांच्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला! माझं ते बघणं तुला माहीत आहे.

शिबिर "फक्त बायकांसाठीच का?" यावरून आपलं वाजलं. गाडीला कळतं का वर कोण बसलंय, असं मी म्हटलं होतं. तुझं उत्तर तेव्हा कानाआड गेलं, रात्री पडल्यापडल्या पटलं. मागच्या वेळी सगळ्यांच्या तुकडीत तुझी गाडी आडवी झाली आणि तू हेल्मेटची काच वर करेपर्यंत चौघांनी ती उचलून, पुसून, स्टँडला लावूनसुद्धा दिली. भली माणसं सगळी. पण गाडी उचलायची कशी, तेवढं सोडून बाकी सगळं शिकून तू घरी आलीस. जिला पडलेली गाडी उचलता येत नाही, ती एकटी कुठवर जाणार?

तू पाठवलेला व्हिडिओ मी परत परत बघते. ती शिकवणारी मुलगी माझ्याहून बुटकीच असेल. गाडी उजव्या अंगावर पडलेली, म्हणून तिने आधी डावीकडचा साइड स्टँड उघडून ठेवला, म्हणजे उभी केल्यावर गाडी पलीकडे कोसळायला नको. गियर टाकलेला, हँडल एका बाजूला पुरतं वळवलेलं. मग सीटला पाठ लावून उकिडवी बसली आणि पाठ ताठ ठेवून, मांड्यांच्या जोरावर, मागे मागे छोटी पावलं टाकत उठली. एवढं दीड-दोनशे किलोचं धूड उभं! पेशंट उचलताना आम्हाला हेच शिकवलं होतं, जोर कमरेचा नको, पायांचा. आमच्यातल्या निम्म्या जणींच्या कमरा तरी गेल्याच, ते सोड.

उंचीचं म्हणालीस ते मात्र मला लगेच कळलं. माझ्यावरच गेलीयस, काय करणार. आठशे मिलिमीटरच्या वरची सीट म्हटल्यावर दोन्ही टाचा टेकणार कशा? ओंकार सांगत होता, गाडीची उंची कमी करून घेता येते, पण मग खालचं पोट दगडांना घासतं. त्यापेक्षा बूड एका बाजूला सरकवायचं, एकच पाय पुरता टेकवायचा, दुसरा मागच्या ब्रेकवर. आणि थांबायची जागा आधीच हेरायची, उंचवटा कुठल्या बाजूला आहे ते बघून. दोन्ही पायांच्या बोटांवर लटकत राहण्यापेक्षा ते बरंच बरं. कारण खडीत एक बोट सरकलं की...

माझी मोपेड आठवते का गं? वळण आलं, माझे पाय खाली. वेग कमी झाला, पाय खाली. समोरून कुत्रं आलं, पाय खाली. "आई गाडी चालवत नाही, गाडीबरोबर चालते," असं तू शुभाआत्यासमोर म्हणाली होतीस आणि ती हसता हसता खुर्चीतून पडायची राहिली होती. मोपेडला ते चालून गेलं. आता तुझा स्कूटर शिकतानाचा व्हिडिओ काढून बघ. तोच पाय, जमीन चाचपत तसाच बाहेर आलेला. आवाज आजीचा घेतलास, असं सगळे म्हणतात. पाय माझा घेतलास, हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतं.

खडीत तीस-चाळीसच्या वेगात तो पाय बाहेर आला आणि दगडामागे अडकला, तर काय होतं ते मला कुणी सांगायला नको. तळवा मागे राहतो आणि गुडघा गाडीबरोबर पुढे जातो. नडगीची दोन्ही हाडं पिळवटून मोडतात. पिळाचं फ्रॅक्चर सरळ नसतं, लांबलचक तिरकं असतं, कधी त्वचा फाडून बाहेर येतं. घोटा निखळला तर पाऊल भलत्याच दिशेला बघत असतं आणि आलेला माणूस त्याच्याकडे न बघता छताकडे बघत असतो. आणि गुडघ्याच्या आतली ती दोरी, एसीएल, ती तर खेळणाऱ्या मुलींची मुलांपेक्षा जास्त तुटते, हे डॉक्टर लोकांनी वर्षानुवर्षं मांडून ठेवलंय. प्लास्टर रूममध्ये ज्यांची प्लास्टरं मी केली, त्यातले कितीतरी "नुसता पाय टेकवायला गेलो, सिस्टर" असंच सांगायचे. नुसता!

बघ. अक्षर लिहायचं नाही म्हटलं होतं आणि सबंध परिच्छेद झाला. माफ कर. फाडून नवं लिहिलं असतं, पण नव्यातही तेच आलं असतं.

त्यापेक्षा नजरेचं लिहिते. तू सायकल शिकलीस ते एवढं मोठं मैदान, आणि त्यात मधोमध एकच खांब. बाबा मागून धावत ओरडतायत, "खांब बघ! खांब बघ!" आणि तू इमानेइतबारे खांब बघत बघत थेट खांबावर. हनुवटीवरची ती खूण अजून आहे. ड्रेसिंग करताना मी विचारलं, दिसला नाही का तुला? तर म्हणालीस, "दिसला ना. बाबा म्हणाले म्हणून तोच तर बघत होते." आता तुमच्या शिबिरात म्हणे पहिल्याच दिवशी सांगतात की गाडी नजरेमागे जाते. दगडाकडे टक लावली की दगडावरच जाणार, म्हणून दगडाशेजारून जी वाट निघते तिच्याकडे बघायचं, आणि तीसुद्धा लांबवर, चाकापुढची नाही. मी बाबांना हे मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "मग मी वेगळं काय सांगत होतो?"

तू उभी राहून गाडी चालवतेस तो फोटो मी फोनवर लावलाय. तळव्यांचा मधला भाग पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, गुडघ्यांनी टाकी धरलेली, कोपरं बाहेर, हात सैल. ते उभं राहणं मिरवायला असतं, असं मला वाटायचं. तू एकदा समजावलं होतंस, उभं राहिलं की अंगाचा भार सीटवरून पेगवर येतो, म्हणजे खाली. गाडी खाली हवी तशी थडथडते, आणि गुडघे-घोटे तो धक्का गिळतात, कणा वाचतो. हे मला पटतं, हाडांच्या वॉर्डात आयुष्य गेलंय. फोटो मोठा करून बघितला. दोन्ही पाय पेगवर आहेत.

बाबांचं वेगळंच. ते कुणालाही धरून सांगत असतात. २०१५ च्या डाकार रॅलीत, म्हणजे त्या वाळवंटातल्या दिवसेंदिवस चालणाऱ्या शर्यतीत, स्पेनची लाइया सान्स मोटारसायकलींमध्ये सगळ्यांत मिळून नववी आली, बायकांमध्ये नव्हे, सगळ्यांत. २०१९ मध्ये आपल्या ऐश्वर्या पिस्सेने बाहा वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे आडवाटेच्या शर्यतींच्या मालिकेत, बायकांचा गट जिंकला. मी म्हणते, २०१८ पण सांगा की. त्या वर्षी स्पेनमध्ये ती पडली आणि स्वादुपिंडाला फाटेपर्यंत मार बसला. स्वादुपिंड म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही, मला आहे. ते म्हणतात, "पण त्याच्या पुढच्याच वर्षी जिंकली ना?" मग आम्ही दोघं गप्प. आमचं दोघांचं एकाच मुलीबद्दल चाललेलं असतं, आणि ती ऐश्वर्या नसते.

त्यांनीच मला व्हॅन ब्युरन बहिणींचं वाचायला दिलं. १९१६ साली ऑगस्टा आणि अ‍ॅडलीन दोन मोटारसायकली घेऊन अमेरिका आडवी पार करून गेल्या, नीट रस्ते नव्हते तेव्हा. वाटेत पोलिसांनी अडवून पकडलं, का, तर बायका असून विजारी घातल्या म्हणून! एवढं करून लष्कराने अ‍ॅडलीनला मोटारसायकलवरून निरोप पोचवायच्या कामावर घेतलंच नाही. मला भयंकर राग आला. मोठ्या सिस्टरना दुसऱ्या दिवशी हेही सांगितलं, त्यांनी विचारलं नव्हतं तरी.

आता चढाचं. शिकवतीलच, पण मी वाचलंय तर लिहून टाकते. चढावर गाडी बंद पडली की नुसता पुढचा ब्रेक दाबून ती थांबत नाही, घसरत मागे येते. गियर तसाच ठेवून क्लच सोडला की इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं. मग घाई नाही. तोल गेलाच तर गाडीला चढाच्या बाजूला लवंडू दे आणि तूही वरच्याच बाजूला राहा. उताराच्या बाजूला उभी राहून तिला सावरायला जाऊ नकोस, दोनशे किलो अंगावर घेऊन खाली यायचं नाही. गाडी पडू दे. गाडीला आमच्याकडे आणत नाहीत. टायरमधली हवा तिथे कमी करतील, परत डांबरी रस्त्याला लागायच्या आधी ती आठवणीने भर. आणि मागच्या चाकाचं एबीएस, ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं ते, खडीसाठी बंद केलंस तर येताना ते चालू झालंय का बघ. ओंकार म्हणतो, काही गाड्यांना ते आपोआप होतं. बघायला पैसे पडत नाहीत.

लेक्चर झालं. तू आता डोळे वर केले असशील. करू दे. पण एक राहिलंच, आणि ते सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

बूट. ओंकारच्या मित्राचे उसने घेणार आहेस, दोन मापं मोठे, आत जाड मोज्यांचे दोन जोड. नको. बूट बाहेरून कितीही टणक असला तरी पाऊल आत फिरलं की घोटा आतच पिळतो, बूट साबूत आणि पाय मोडलेला, असं होतं. बायकांच्या मापाचे सहजी मिळत नाहीत हे मला मान्य आहे, बहुतेक माल मोठ्या मापातच, त्यात पोटरीला ढगळ. मोठ्या मुलांच्या मापातले काही जणींना बसतात म्हणे, पण ते घेताना तळवा हाताने वाकवून बघ. सहज वाकला तर तो चालायचा बूट, पेगवर उभं राहायचा नव्हे. नडगीवर पट्टी हवी, घोट्याशी बिजागरी हवी, बकला घट्ट बसायला हव्यात. ट्रेकिंगचे तर मुळीच नकोत, ते चालण्यासाठी असतात आणि तुला चालायचं नाहीये. आणि नवे मिळाले तर आधी घरात घालून फीर. टणक बुटात गियरचा लिव्हर पायाला कळत नाही, बुटाच्या जाडीइतका तो वर करून घ्यावा लागतो. ते शुक्रवारीच कर, तिथे गेल्यावर नव्हे. पैशांचं बघू नकोस, मी देते. वाढदिवसाचं समज, नाहीतर काहीच समजू नकोस, पण घे.

तू घाबरत नाहीस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मला त्याचीच भीती वाटायची. परवा तू सहज म्हणालीस, "आई, मला वाळूची भीती वाटते, म्हणूनच शिकायला चाललेय." ते ऐकल्यापासून मी जरा बरी आहे. वाळूत गाडी वळवळते तेव्हा हँडल आवळून धरायचं नाही, थ्रॉटल सोडायचा नाही, अंग किंचित मागे आणि तिला तिची तिची वळवळू द्यायची, असंही म्हणालीस. मला ते कधीच जमलं नसतं. माझे पाय केव्हाच खाली आले असते.

संध्याकाळी वेळ झाला तर मेसेज कर, फोन नको, तू दमलेली असशील. पडलीस तर किती वेळा ते मला लिही, बाबांना नको. गाडी स्वतः उचललीस तर मात्र दोघांना लिही.

तुझी,
आई

ता. क. एका चिठ्ठीवर रक्तगट, पेनिसिलीन चालत नाही हे आणि माझा नंबर लिहून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव, बॅगेत नको. बॅग तंबूत राहते. बाबांचा नंबर लिहू नकोस, ते आधी ओरडतात आणि मग पत्ता विचारतात.