वितरणांच्या यादीत अडकलेल्या मित्राला

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. द्विपद, पॉयसाँ, घातांकी, प्रसामान्य, सगळ्या वितरणांची, म्हणजे कोणता निकाल येण्याची शक्यता किती ते सांगणाऱ्या नियमांची, सूत्रं पाठ आहेत, पण गणित समोर आलं की यांतलं कोणतं लावायचं तेच कळत नाही, असं लिहिलं आहेस. यात तुझ्या बुद्धीचा दोष नाही. बहुतेक पुस्तकं हा विषय उलट्या टोकाने शिकवतात. सूत्र सर्वांत शेवटी येतं. त्याआधी काही गृहीतकं असतात: एका घटनेचा दुसरीवर परिणाम होतो का, संभाव्यता सगळीकडे सारखीच राहते का, आपण मोजतो आहोत की वाट बघतो आहोत. ही गृहीतकं नक्की झाली की सूत्र निवडायला फारसं काही उरतच नाही.

हा विषय वाढला तोही पत्रांतूनच. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांत एक प्रश्न होता. दोन खेळाडू प्रत्येकी ३२ नाणी लावून खेळतात. प्रत्येक डावात दोघांना जिंकायची संधी सारखी. जो आधी ३ डाव जिंकेल त्याला सगळी ६४ नाणी. पहिला २ डाव जिंकला आहे, दुसरा १, आणि खेळ मध्येच थांबवावा लागला. पैसे कसे वाटायचे?

पहिल्या झटक्यात २:१ असं वाटणं साहजिक आहे, पण ते झालेल्या डावांकडे बघणं झालं. पास्कलने पुढे बघितलं. पुढचा डाव पहिला जिंकला तर ६४ त्याची. हरला तर बरोबरी, म्हणजे ३२ त्याची. मग ३२ नाणी काहीही झालं तरी त्याचीच, आणि उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखा हक्क. म्हणून ४८ आणि १६. फर्माने वेगळी वाट धरली. जास्तीत जास्त दोन डाव उरले आहेत, त्यांचे निकाल चार प्रकारे लागू शकतात, त्यांतले तीन पहिल्याच्या बाजूचे, म्हणून ३:१. उत्तर तेच! आज आपण ज्याला अपेक्षित मूल्य, म्हणजे सरासरी किती मिळेल ते, म्हणतो ते पास्कलच्या हिशोबात आहे, आणि नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, फर्माच्या. मला हे दोन्ही हिशोब शेजारी शेजारी ठेवून बघायला अजूनही फार आवडतं.

आता द्विपद वितरण. त्याची गृहीतकं अशी: प्रयत्नांची संख्या आधीच ठरलेली, प्रत्येकाचा निकाल दोनपैकी एक, यशाची संभाव्यता प्रत्येक वेळी तीच, आणि प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र. नाणं १० वेळा उडवलं तर बरोबर ५ छापे पडण्याची संभाव्यता २५२ भागिले १०२४, म्हणजे जेमतेम २५ टक्के. पाच हा सर्वांत संभाव्य आकडा खरा, पण चारातल्या तीन वेळा तो येत नाही.

इथे जरा थांबू या, कारण सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी होतो. लागोपाठ १० छापे पडले की आता काटा पडायलाच हवा, असं मन म्हणतं. प्रयत्न वाढतील तसं यशाचं प्रमाण खऱ्या संभाव्यतेच्या जवळ जातं, हा याकोब बर्नुली या गणितज्ञाने सिद्ध केलेला मोठ्या संख्यांचा नियम १७१३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, छापून आला. त्याचाच आधार देऊन लोक हे सांगतात, पण तो नियम असं काहीच म्हणत नाही. १० छाप्यांनंतर आणखी ९९० वेळा नाणं उडव. त्या ९९० मध्ये अपेक्षित छापे ४९५. एकूण ५०५, ५०० नव्हे. सुरुवातीचे जादा छापे कोणी भरून काढत नाही. पुढच्या शेकडो फेकींपुढे ते नगण्य होतात, एवढंच.

प्रमाण विचलन, म्हणजे छाप्यांची संख्या निम्म्यापासून साधारण किती दूर जाते ते, बघितलं की हे आणखी स्वच्छ दिसतं. १०० फेकींत ते ५ असतं, १०,००० फेकींत ५०, दहा लाखांत ५००. म्हणजे निम्म्यापासूनचं अंतर आकड्यांत वाढत जातं. मात्र एकूण फेकींच्या तुलनेत तेच ५ टक्के, ०.५ टक्के, ०.०५ टक्के असं घटतं. छाप्यांचं प्रमाण स्थिरावतं आणि निम्म्यापासूनचा फरक वाढतो, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. हे एकदा मनात पक्कं बसलं की अर्धा विषय हाती आला असं समज.

प्रयत्न प्रचंड आणि प्रत्येकात घटना घडायची शक्यता अगदी थोडी असेल, तर द्विपद वितरण पॉयसाँ वितरणाकडे झुकतं. पॉयसाँ यांनी ते १८३७ मध्ये मांडलं, पण त्याची ताकद दिसली ती १८९८ मध्ये बोर्टकेविच यांनी दिलेल्या आकड्यांतून. प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची ती नोंद होती. १० कोअर (सैन्याच्या मोठ्या तुकड्या), २० वर्षं, म्हणून २०० नोंदी. एकूण मृत्यू १२२, सरासरी ०.६१. त्या २०० पैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एकीत चार. फक्त ०.६१ हा एक आकडा घेऊन पॉयसाँचं सूत्र सांगतं: सुमारे १०९, ६६, २०, ४ आणि १. ज्या वर्षी एका कोअरमध्ये चार सैनिक गेले, त्या वर्षी तिथे काहीतरी गडबड असणार अशी शंका कोणालाही आली असती. पण निव्वळ योगायोगानेही असे घोळके होतात, आणि किती व्हावेत याचा अंदाज आधीच बांधता येतो. मात्र एका घटनेमुळे दुसरी घडत असेल, जसं साथीच्या रोगात होतं, तर स्वातंत्र्याचं गृहीतक कोसळतं आणि पॉयसाँही.

अशाच घटना मोजायच्या ऐवजी पुढच्या घटनेची वाट बघितलीस की घातांकी वितरण मिळतं. त्याला स्मृती नसते. कार्बन-१४ या किरणोत्सारी अणूचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे निम्मे अणू नष्ट व्हायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं आहे. हजारो वर्षं टिकलेला त्याचा अणू आणि कालच तयार झालेला अणू, दोघांचीही पुढची वर्षं सारखीच अनिश्चित. यंत्राचे भाग झिजतात, म्हणून तिथे हे वितरण डोळे मिटून लावू नकोस.

प्रसामान्य वितरणाबद्दल, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राबद्दल, थोडक्यातच लिहितो, कारण त्याचं कौतुक तू भरपूर वाचलं असशील. गणितज्ञ द मुआव्र यांना ते १७३३ मध्ये द्विपद वितरणाचं आसन्न (जवळपासचं) मूल्य शोधताना गवसलं. पुष्कळ छोट्या, स्वतंत्र कारणांची बेरीज होते आणि कोणतंच एक कारण वरचढ नसतं, तिथे ते येतं. कारणांचा गुणाकार होत असेल तर येत नाही. माझ्या मते हे वितरण गरजेपेक्षा जास्त वापरलं जातं, आणि बेरीज खरंच होते आहे का हे क्वचितच कोणी तपासतं.

शेवटी तू विचारलेली सशर्त संभाव्यता, म्हणजे एक गोष्ट घडली आहे हे कळल्यावर दुसरीची संभाव्यता. सूत्राऐवजी माणसं मोजून बघ. समज, एखादा रोग १ टक्का लोकांना आहे. चाचणी ९९ टक्के रोग्यांना बरोबर पकडते, पण ५ टक्के निरोगी लोकांनाही चुकून रोगी ठरवते. १०,००० माणसांत १०० रोगी, त्यांतले ९९ पकडले जातात. ९,९०० निरोगी, त्यांतले ४९५ उगीच अडकतात. रोगी ठरलेले एकूण ५९४ आणि त्यांत खरे रोगी ९९, म्हणजे सहात एक.

आता हे तू कर: त्या ५९४ जणांची तीच चाचणी पुन्हा घेतली. जे दुसऱ्यांदाही रोगी ठरतील, त्यांना खरोखर रोग असण्याची संभाव्यता किती? माझं उत्तर ८० टक्क्यांच्या किंचित खाली येतं. पण ते काढताना दोन्ही निकाल एकमेकांपासून स्वतंत्र धरले आहेत. पहिल्या वेळी चुकीचा निकाल ज्या कारणाने आला ते त्या माणसाच्या रक्तातच असेल तर काय होईल? दोन्ही उत्तरं सविस्तर लिहून पाठव.

तुझा,
जुना मित्र