सांडपाण्यातील कोरोना तपासा, आकडे जाहीर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर चाचण्या जवळजवळ थांबल्या. विषाणू मात्र बदलत राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये ‘जेएन.१’ उपप्रकाराचा राज्यातील पहिला रुग्ण आपल्या कोल्हापूरच्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आढळला, तर मे २०२५ मध्ये ‘एनबी.१.८.१’ची चर्चा सुरू झाली. आज घसा खवखवणारा, अंगात कणकण असलेला माणूस दवाखान्यातून गोळ्या घेऊन घरी येतो आणि त्याला कोरोना होता की फ्लू, हे कोणालाच कळत नाही. धडधाकट माणसाचे त्यावाचून अडत नसेलही. पण घरात डायलिसिसवरचा रुग्ण किंवा ऐंशीच्या घरातील आजी असेल, तर शहरात विषाणू वाढतो आहे का, हे वेळीच कळायला हवे.

ते कळण्याचा मार्ग आपल्या गटारांतून जातो. अनेक बाधितांच्या विष्ठेतून, लक्षणे नसली तरीही, विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, बाहेर पडतो. नेदरलँड्समधील आमर्सफूर्ट शहरात मार्च २०२० मध्ये पहिले रुग्ण नोंदले जाण्याच्या सहा दिवस आधीच तो सांडपाण्यात सापडला होता. आपल्या देशालाही ही पद्धत नवी नाही; मुंबईत २००१ पासून पोलिओसाठी सांडपाणी तपासले जाते. प्रक्रिया केंद्रात येणाऱ्या पाण्याचे थोडे थोडे नमुने दिवसभर ठरावीक अंतराने घेऊन एकत्र करायचे, ते थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यायचे आणि त्यांची आरटी-पीसीआर चाचणी करायची, इतके हे काम साधे आहे. पावसाने पाणी पातळ झाले, तर आकडा फसवा ठरू शकतो. म्हणून मिरचीवर पडणारा आणि आहारातून विष्ठेत उतरणारा एक निरुपद्रवी विषाणूही सोबत मोजतात व त्याच्या प्रमाणाशी कोरोनाचे प्रमाण ताडून पाहतात. मिरचीवर वाढलेल्या आपल्या जिल्ह्यात तो मुबलक मिळावा.

कोल्हापुरात याची निम्मी तयारी झालेलीच आहे. जयंती नाल्याचे सांडपाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात नेले जाते, दुधाळीला दुसरे केंद्र आहे, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे कोरोनाकाळात उभी राहिलेली आरटी-पीसीआर यंत्रणा आहे. यातून रुग्णांची नेमकी संख्या मिळणार नाही आणि ज्या उपनगरांत अजून सेप्टिक टँकच आहेत, तेथील चित्र सुटेल, हे मान्य करूनच आकड्यांचा अर्थ लावावा लागेल. तरीही चढ आहे की उतार, एवढे समजले तरी रुग्णालयांना तयारीसाठी काही दिवस हाताशी मिळतील. २०२१ च्या जून-जुलैत, राज्याच्या बऱ्याच भागांत दुसरी लाट ओसरत असताना, आपल्या जिल्ह्यात बाधितांचे प्रमाण चढेच होते. त्या काळात खाटेसाठी रात्री-अपरात्री फोन फिरवणाऱ्या नातेवाइकांना अशा काही दिवसांचे मोल पक्के ठाऊक आहे.

महापालिका आणि वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून कसबा बावडा व दुधाळी येथे दर आठवड्याला तपासणी सुरू करावी, संशयास्पद वाढ दिसताच नमुने जनुकीय क्रमनिर्धारणासाठी, म्हणजे विषाणूचा उपप्रकार ओळखण्यासाठी, पाठवावेत आणि निष्कर्ष, चांगले असोत वा वाईट, दर सोमवारी वृत्तपत्रांना द्यावेत, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर