चेहरा हलत नाही म्हणजे माणूस उदास नव्हे

महोदय,

ह्यांना पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या क्वचित लवतात, आवाज बसतो. माणूस आतून हसत असला तरी बाहेर काही उमटत नाही.

मागच्या तपासणीला डॉक्टर नवे होते. सगळा वेळ नजर कॉम्प्युटरवर. एकदाच मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "घरीही असेच उदास असतात का?" मला! हे समोर बसलेले. टेबलाखाली ह्यांचा डावा अंगठा गोळी वळल्यासारखा तर्जनीवर फिरायला लागला. ताण आला की हे कंपन वाढतं. ते डॉक्टरांना दिसायला हवं होतं, पण मधे स्क्रीन.

या आजारात नैराश्यही येतं, हे मला ठाऊक आहे. पण ते नुसतं चेहऱ्यावरून कसं ठरवणार? मानसोपचारात तर रुग्णाची नजर, हालचाल, बोलण्याची गती, भाव यांची रीतसर नोंद ठेवतात. ती नोंद करतानाही आजार कोणता आणि मन कोणतं, हे वेगळं काढावं लागतं.

आधीचे डॉक्टर खुर्ची ह्यांच्यासमोर ओढायचे, प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. उत्तराला वेळ लागायचा. मी मधे बोलायला गेले की माझ्याकडे न बघता हात किंचित वर करायचे.

— एका रुग्णाची पत्नी