बसने जाणाऱ्यांना कोण विचारणार?

मा. संपादक,

वाहनांचे प्रदूषण कमी करण्यासाठी बैठक घेऊन संबंधितांची मते घेतल्याची बातमी काल आपल्या अंकात वाचली. बसमालक, टॅक्सीवाले, हॉटेलवाले, वाहनविक्रेते, सगळ्यांचे म्हणणे आले आहे. रोज बसने जाणाऱ्याचे एक वाक्यही नाही. त्याला बैठकीला बोलावलेच नव्हते, की आपल्या बातमीदाराने विचारले नाही?

माझी मुलगी पणजीला औषधांच्या दुकानात कामाला आहे. रात्री साडेआठला सुटते. डिचोलीपर्यंत बस मिळाली तरी तिथून आमच्या गावात यायला काहीच नसते. आधी तिचे वडील आणायला जायचे. शेवटी कर्ज काढून स्कूटर घेतली. आता ती सकाळीही बसने जात नाही. हप्ते भरायचे आणि गाडी दारात उभी ठेवायची, हे कोणाला परवडते? वाड्यावर घरोघरी हेच झाले. दिवसाच्या बसला माणसे कमी झाली, तशी मालकाने दुपारची फेरीही बंद केली. मग ज्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यांनीही घेतली.

बैठकीत भर होता इलेक्ट्रिक वाहनांच्या अनुदानावर. पणजीत कदंब या गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या इलेक्ट्रिक बसगाड्या धावतात, त्याचा मला आनंदच आहे. पण शहरात गर्दी होते ती डिचोली, वाळपई, फोंड्याहून येणाऱ्या गाड्यांची. मोटार विजेवर चालली तरी धूळ उडवतेच आणि मांडवी पुलावर जागाही तेवढीच अडवते. आम्हाला गावातून बस द्या, रात्री दहापर्यंत द्या. १९७८-७९ साली अर्ध्या तिकिटासाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारला प्रवाशांचे ऐकावे लागले होते. १९८० मध्ये कदंब महामंडळही आले. आज आम्हाला साधे बैठकीलाही बोलावत नाहीत, याचा मला संताप येतो. पुढची बैठक बसस्थानकावर, संध्याकाळी सातनंतर घ्यावी.

आणि पीयूसीबद्दल, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी करून मिळणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल, बैठकीत कोणीच कसे बोलले नाही? मागच्या वेळी सायलेन्सरमध्ये नळी न घालताच माझ्या हातात प्रमाणपत्र ठेवले. मी हटकले, तर म्हणे गाडी नवी आहे, गरज नाही. प्रमाणपत्र नसले तर १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न मोजता ते देणाऱ्याला कोण विचारतो? स्थानकावर इंजिन चालू ठेवून काळा धूर सोडणाऱ्या बसकडेही असेच प्रमाणपत्र असणार. पीयूसी देणाऱ्या केंद्रांची अचानक तपासणी करा आणि कुठे काय आढळले, ते आपल्या पत्राने छापावे.

आपली,
एक वाचक, डिचोली