बी विंगचा जिना झाडणाऱ्या मावशींना

मावशी,

हे पत्र तुमच्या लेकीच्या फोनवर पाठवतेय, तिला वाचून दाखवायला सांगा. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण वाईट अनुभव आपण चव्हाट्यावर मांडतो आणि चांगला आला की आपापसात थँक्यू म्हणून मोकळे होतो, मीही तशीच आहे. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच दम दिलाय, "नाव लिहू नका ताई, नायतर अख्खी बिल्डिंग घर घासायला बोलवंल." आता खरं सांगते, तीन वर्षं मला तुमचं नाव माहीतच नव्हतं. तुम्ही जिन्यात झाडत असायचात आणि मी "मावशी जरा" म्हणत बाजूने उतरून ऑफिसला पळायचे. लाज वाटते लिहिताना, पण आहे ते आहे.

आधी ज्यांना पैसे मोजून बोलावलं होतं त्यांचं सांगते, म्हणजे पोटातलं निघून जाईल. फ्लॅट ३१ मेला ओनरच्या ताब्यात द्यायचा, हे महिनाभर आधीच नाशिकला जॉइन झालेले, मुलगा आजोळी म्हणजे आता मामाकडे, आणि मी एकटी त्या रिकाम्या टू बीएचकेमध्ये. म्हणून डीप क्लीनिंगवाले बुक केले, साडेचार हजार, ते पण ॲडव्हान्स. दहाला येणारी पोरं दोनला आली. एक घरघर वाजणारं मशिन, एक ॲसिडचा कॅन, बास. वाकडचं टँकरचं पाणी तुम्हाला माहितीच आहे, तीन उन्हाळे त्या पाण्याने बाथरूमच्या टाइल्स आणि नळ पांढरेफटक करून ठेवलेले, तर यांनी सगळीकडे सरसकट ॲसिड ओतलं. नळाचं चकचकीत पॉलिश गेलं आणि काळे डाग आले ते वेगळेच. वर एकजण त्याच ओल्या फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकायला निघाला! थोडी पडलीच, माझा घसा असा चरचरला की मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. दीड तासात आवरून फोटो काढले आणि गेले. फोटोत माझं बाथरूम इतकं सुंदर दिसत होतं की कुणालाही वाटावं घर सोडताय कशाला.

ज्या एजंटने घर दाखवताना "ताई मी भावासारखा, रात्री बारालापण फोन करा" म्हणलं होतं त्याने दुपारी बारालापण उचलला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तीन अंगठे आले आणि एकाने लिहिलं की लिफ्टमधून सामान नेण्याचे चार्जेस भरलेत का.

दुसऱ्या दिवशी मी चौथ्या मजल्याच्या पायरीवर हातात झाडू घेऊन बसले होते. रडत होते म्हणा ना, कशाला लपवायचं. तुम्ही खालून झाडत वर आलात, माझ्या पायरीपाशी आलात, आणि मी उठायला लागले तर म्हणालात, "बसा की, ही पायरी उद्या झाडते." एवढंच. काय झालं विचारलं नाहीत. तुमची ड्यूटी तीनला संपली आणि सव्वातीनला तुम्ही दारात, पदर खोचून.

तुम्ही काय काय केलंत ते सगळं लिहीत नाही, लिहिलं तर सफाईचा क्लास होईल. पण लिंबूसत्व गरम पाण्यात कालवून त्यात माझा जुना बनियनचा तुकडा बुडवून नळाला पट्टी बांधल्यासारखा गुंडाळलात आणि "अर्धा तास त्याला हात नका लावू, पेशंट आहे" म्हणालात, तेव्हा मार्चनंतर मी पहिल्यांदा हसले. गेलेलं पॉलिश काही आलं नाही, पण क्षाराचा थर अख्खा निघाला. ओट्यावरच्या टाइल्सचं चिकट धुण्याच्या सोड्याने काढलंत. आणि बाथरूमचा वास आल्या आल्या खिडकी सताड उघडून जे ओरडलात, "ॲसिडवर ब्लीचिंग कोण टाकतं, जीव जातो माणसाचा", ते त्या पोरांच्या मॅनेजरला ऐकवायला पाहिजे होतं. पोरांचा तरी काय दोष म्हणा, त्यांना कुणी शिकवलेलंच नसणार, हातात कॅन देऊन पाठवलं.

पण मावशी, हे पत्र ह्या सगळ्यासाठी नाहीये. आतल्या खोलीसाठी आहे.

त्या खोलीत आईची कॉट होती. शेवटचे आठ महिने ती तिथेच, भिंतीला टेकून, रेडिओ कानाशी धरून. रोज सकाळी डोक्याला खोबरेल तेल चोपडायची, त्यामुळे टेकायची तिथे भिंतीवर गोल डाग पडलेला, ताटलीएवढा, मधे गडद आणि कडेला फिकट होत गेलेला. कॉट हलवली तेव्हा मला तो पहिल्यांदा नीट दिसला. क्लीनिंगवाल्याने त्याच्यावर बोट फिरवून सांगितलं, "हा नाही जाणार मॅडम, पेंटिंगमध्ये टाका." आणि ओनरने आधीच्या आठवड्यात घराचे फोटो मागवले होते ना, त्यातला ह्याच भिंतीचा फोटो डागाभोवती लाल गोल काढून परत पाठवला, खाली नुसतं प्रश्नचिन्ह. माझ्या आईच्या डोक्याच्या जागेवर लाल गोल. त्यांना काय माहीत म्हणा, पण तो फोटो मी अजून डिलीट केला नाहीये, का ते मलाच कळत नाही.

तुम्ही बादली आणि कापड घेऊन आत आलात, डाग बघितलात आणि थांबलात. म्हणालात, "आज्जी इथंच बसायच्या ना." मग हातातलं कापड बादलीच्या काठावर टाकलंत, "मी गॅलरीतली कबुतराची घाण काढते, तुम्ही हाक मारा" म्हणालात आणि जाताना दार ओढून घेतलंत. कडी न वाजवता, बोटभर फट ठेवून.

आत मी काय केलं ते लिहीत नाही. दहा मिनिटं झाली असतील किंवा अर्धा तास, बाहेरून फक्त खराट्याचा आवाज येत होता. गॅलरी चार बाय आठची आहे मावशी, तिला एवढा वेळ लागत नाही. मुद्दाम हळू घासत होतात का हो?

आई गेल्यापासून घरात माणसांना तोटा नव्हता. दिवस होईपर्यंत नातेवाईक, मग बँक, मृत्यूचा दाखला, मुलाची परीक्षा, बदली, खोकी. सगळे "सुटली बिचारी" म्हणायचे, मी मान हलवायचे. मार्चपासून मला रडायला एक ओढलेलं दार मिळालं नव्हतं आणि ते तुम्ही दिलंत, तुमची आमची ओळख ती काय, जिन्यातली. माणूस चांगला आहे म्हणायचं झालं की आपण सांगतो मदतीला धावून आला. धावून सगळेच येतात हो, आल्यावर बोलतच राहतात. बाहेर जाऊन थांबायचं कुणाला सुचतं? मला तरी सुचलं नसतं, मी सल्ला दिला असता.

हाक मारली तेव्हा तुम्ही टाल्कम पावडरचा डबा मागितलात. डागावर पावडर थापली, अर्धा तासाने ब्रशने झाडली, परत थापली. "डिस्टेंपर आहे ताई, घासलं की रंग निघतो, नुसतं टिपायचं." भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बोटाएवढं फडकं बुडवून टिपत राहिलात, लेकराचं तोंड पुसावं तसं. पूर्ण नाही गेला. तिरक्या उन्हात बघितलं तर दिसत होता, आणि मला ते बरंच वाटलं.

सकाळी ओनर मोबाईलचा टॉर्च लावून आले. डाग त्यांना दिसलाच नाही, कारण ते वॉशिंग मशिनच्या मागची तडकलेली टाइल धरून बसले, तीन हजार म्हणे. तुमचं काम आदल्या दिवशीच संपलेलं, पैसे देऊन झालेले, तरी तुम्ही जिना सोडून दारात आलात आणि म्हणालात, "ती तुमच्या आधीच्या भाडेकरूच्या टायमाला तडकली साहेब, मशिन चढवताना आपटलं, मी इथंच होते." ओनर काही बोलले नाहीत, टॉर्च बंद केला. तुम्हाला त्याच बिल्डिंगमध्ये रोज काम करायचंय हे मला नंतर गाडीत बसल्यावर लक्षात आलं. डिपॉझिट आलं परत, पेंटिंगचे चौदा हजार कापून. ते ॲग्रीमेंटमध्येच होतं, तक्रार नाही. अख्खी भिंत नव्याने रंगवायचीच होती तर डागाभोवती लाल गोल कशाला काढला, एवढंच विचारायचं होतं, राहिलं.

आणि हो, तुम्ही पैसे घेतलेत, मोजून घेतलेत, हे पण लिहिते. नाहीतर लोकांना वाटतं गरीब माणूस चांगला म्हणजे त्याने पैसे नाकारले पाहिजेत. तुम्ही हजार सांगितलेत, मी दीड दिले, तुम्ही म्हणालात "बरं झालं, पोरीची फी भरायचीये." कामाचे पैसे ते, मला फार आवडलं ते. दार ओढून घेतल्याचे वेगळे द्यायचे कसे ते मात्र मला येत नाही.

आता एक घोळ झालाय. त्या दिवशी माझा गॅस बंद होता म्हणून तुम्ही तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मला दिलीत, आणि खाता खाता म्हणालात की आज्जींनी एकदा तुम्हाला बाटलीभर मेतकूट दिलं होतं, तसं परत कुठं खाल्लं नाही. आईने दिलं होतं हे मला माहीतच नव्हतं. तो तुमचा स्टीलचा डबा पॅकर्सवाल्यांनी आमच्या सामानात भरला, परवा 'देवघर' लिहिलेल्या खोक्यातून निघाला, समईच्या शेजारी.

डबा रिकामा पाठवायचा नाही हे आईनेच शिकवलंय. तिची वही सापडली, मेतकुटाचं पान पण आहे, पण डाळी, तांदूळ, गहू सगळं 'वाटी'च्या मापात आणि ती वाटी कुठली ते काही लिहिलेलं नाही. पहिल्यांदा हरभरा डाळ करपली, दुसऱ्यांदा हिंग इतका झाला की मुलाने ताट सरकवलं. तिसऱ्यांदा जमलं की घेऊन येते, तीननंतर येईन, तुमची ड्यूटी संपल्यावर. तोवर दुपारचा डबा दुसऱ्या कशात तरी न्या, रागावू नका.

तुमची,
चारशे तीनमधली ताई