मॉडेल ८ घ्यायच्या आधी

बर्लिंग्टन, व्हरमाँट
१४ सप्टेंबर

प्रिय मंदार,

तुझं पत्र आणि तिन्ही फोटो मिळाले. तू विकत घ्यायची म्हणतोस ती जुनी अर्धस्वयंचलित रायफल रेमिंग्टन मॉडेल ८ च आहे. नळीवरचं ते जाड आवरण आणि उजव्या अंगाचा लांबलचक सेफ्टीचा खटका, अशी जोडी फार थोड्या रायफलींवर असते. पण तू दीड पान तिच्या ब्लूइंगच्या, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या झिलईच्या, चकाकीवर खर्च केलंस आणि कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, कुठलं ते एका शब्दाने लिहिलं नाहीस. घर बघायला जाऊन भिंतींचा रंग पाहिला नि पाणी येतं का ते विचारलंच नाही, तशातली गत.

तेव्हा आधी कॅलिबर. ही रायफल १९०६ साली बाजारात आली, १९११ मध्ये तिला मॉडेल ८ हे नाव मिळालं आणि १९३६ पर्यंत ती निघत होती. पुढे तीच यंत्रणा भरदार कुंद्यात बसवून मॉडेल ८१ या नावाने १९५० पर्यंत विकली. मॉडेल ८ चार कॅलिबरांत आहे: .२५, .३०, .३२ आणि .३५ रेमिंग्टन. तुला ती शिकारीच्या हंगामात वापरायची आहे, भिंतीवर टांगायची नाही. म्हणजे .३५ घे आणि बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नकोस. .३५ ची काडतुसं आजही कारखान्यातून येतात. हंगामाच्या तोंडावर ती गायब होतात, म्हणून दिसतील तेव्हा चार-पाच डबे उचलून ठेवायचे. २०० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २,०८० फुटांनी निघते. जंगलात दीडशे यार्डांच्या आतल्या हरणाला किंवा काळ्या अस्वलाला तेवढी रग्गड झाली.

उरलेल्या तिघांची काडतुसं म्हणजे जुने डबे, संग्राहकांच्या भावाने. स्वतः काडतुसं भरत असशील तरी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी, जमवणं हाच एक धंदा होऊन बसतो. विक्रेता सांगेल, ".३० रेमिंग्टन म्हणजे .३०-३० च की." नाही. ताकद जवळपास तीच, पण .३०-३० च्या बुडाला बाहेर आलेली कड असते, हिच्या काडतुसाला नसते. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. मॉडेल ८१ मध्ये १९४० पासून .३०० सॅव्हेजही मिळे, तशी एखादी समोर आली तर मात्र मला कळव.

आता यंत्रणा, कारण ती कळली की काय तपासायचं ते आपोआप कळतं. हिचं डिझाइन जॉन मोझेस ब्राउनिंगचं, पेटंट १६ ऑक्टोबर १९०० चं. तुला बाहेरून दिसते ती नळी नव्हे, ते जॅकेट. खरी नळी त्याच्या आत आहे आणि तिच्याभोवती स्प्रिंग गुंडाळलेली आहे. गोळी सुटली की नळी आणि तिचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेतच संपूर्ण मागे जातात. मागे पोचल्यावर बोल्ट तिथेच अडतो, आणि स्प्रिंग नळीला एकटीला पुढे ढकलते. नळी पुढे जाताना रिकामी पुंगळी मागे उघडी पडते आणि बाहेर फेकली जाते. मग बोल्ट सुटतो, मॅगझीनमधलं, म्हणजे रायफलीच्या पोटातल्या कप्प्यातलं, पुढचं काडतूस घेऊन पुढे येतो आणि फिरून नळीत घट्ट बसतो. म्हणून हिचा धक्का एक न लागता दोन टप्प्यांत लागतो. पहिल्या वेळी विचित्र वाटेल, घाबरू नकोस.

एवढं ध्यानात घेतलं की लक्षात येईल, हिचा जीव नळी जॅकेटमध्ये किती मोकळी सरकते यात आहे. तपासणी तिथूनच सुरू कर. बोल्ट मागे ओढ, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) आणि मॅगझीन डोळ्यांनी बघ आणि बोटाने चाचपून रिकामं असल्याची खात्री कर. विक्रेत्याने तुझ्यासमोर पाहिलं असलं तरी तू पुन्हा बघायचं. मग बोल्ट बंद कर. जमिनीवर लाकडाची फळी ठेव, त्यावर नळीचं तोंड टेकव, रायफल सरळ उभी धर, आपलं तोंड बाजूला ठेव आणि कुंद्यावरून वजन टाकून खाली दाब. जॅकेटच्या बाहेर आलेलं नळीचं टोक आत जाऊ लागेल. जॅकेट फळीला टेकेपर्यंत एकसारखा, वाढत जाणारा जोर लागला पाहिजे. मध्ये कुठे खरखर किंवा अडखळ जाणवली, तर तिथे जॅकेटला पोचा आहे किंवा आत गंज आहे. जोर सोडताना हळूहळू सोड. नळी शेवटच्या पाव इंचापर्यंत आपणहून बाहेर आली पाहिजे. शेवटी रेंगाळली तर एकतर स्प्रिंग थकलीय किंवा आतलं तेल डिंकासारखं झालंय. तेल असेल तर विरघळवून धुता येतं. ही असल्या रायफलींची सगळ्यात सर्रास आणि सगळ्यात स्वस्त व्याधी आहे.

पोचा मात्र स्वस्त नाही. जॅकेट उजेडात आडवं धरून त्याच्या लांबीवर नजर टाक. प्रकाशाची रेघ सरळ वाहिली पाहिजे, एखाद्या ठिकाणी ती मुरडली तर तिथे बोट फिरव. ट्रकच्या रॅकवर आदळून पडलेला नखाएवढा खळगासुद्धा नळीला घासतो. मग नळी पुरती मागे जात नाही, पुंगळी अर्धवट बाहेर येऊन बोल्टात चिमटली जाते, आणि लोक दोष काडतुसांना देतात.

स्प्रिंग थकली तर उलटं होतं. नळी मागे जाऊन धाडकन आदळते आणि तो मार कुंद्याच्या मानेवर बसतो, जिथे पोलादाची जीभ लाकडात शिरते. तिथली केसासारखी चीर नखाने चाचप, दोन्ही बाजूंनी. पुढच्या लाकडाच्याही आतली बाजू बघ. मॉडेल ८ चं ते लाकूड बारीक आणि पातळ असतं, स्क्रूजवळ हमखास तडकतं.

मॉडेल ८ उलगडते, म्हणजे पुढचं लाकूड काढून खालच्या स्क्रूची घडीची दांडी फिरवली की नळीचा भाग वेगळा होतो. विक्रेत्याकडून हे करवून घे आणि पुन्हा जोडल्यावर पुढचा भाग पकडून हलवून बघ. जोडावर खुळखुळ असेल तर नेम राहणार नाही. जॅकेटच्या तोंडाशी असलेलं बुशिंग, म्हणजे धातूचं कडं, तेही बघ. नेम धरायच्या दोन्ही साइट जॅकेटवर आहेत, नळी मात्र आत हलते. नळीला तोंडाशी नीट धरून ठेवणारं हे बुशिंगच. ते झिजलं की साइट एकीकडे आणि गोळी दुसरीकडे. मात्र जॅकेट स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नकोस. आत दाबलेली स्प्रिंग आहे. ते काम या रायफली हाताळलेल्या गनस्मिथचं.

नळीच्या आत बॅटरी टाकून बघ. १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंतच्या काडतुसांमधले प्रायमर, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोप्या, गंज आणणाऱ्या होत्या. त्या काळातली, नीट न धुतलेली नळी आतून देवीच्या व्रणांसारखी दिसते. थोडे व्रण चालतील, गोळीला पीळ देणारे आटे बोथट झालेले चालणार नाहीत. आणि नळीच्या तोंडाची कड जपून बघ. मागून रिसीव्हर, म्हणजे यंत्रणेची पोलादी पेटी, बंद असल्यामुळे लोकांनी वर्षानुवर्षं सळई तोंडाकडूनच घातली आहे, त्यामुळे तिथली कड एका अंगाने खाल्लेली असते. तू साफ करशील तेव्हा सळईऐवजी दोरीचं पुल-थ्रू वापर.

मग चाप. रिकाम्या रायफलीचा चाप ओढून धरून ठेव, तसाच धरून बोल्ट मागे-पुढे कर, आता चाप हळू सोड. सोडताना बारीक 'टक' ऐकू आला पाहिजे, आणि पुन्हा ओढल्यावरच घोडा पडला पाहिजे. बोल्ट पुढे येतानाच घोडा पडत असेल तर रायफल तिथेच परत कर. सेफ्टी वर असताना चाप कितीही दाबला तरी काही होता कामा नये. त्या खटक्याचं रूप तुला ओळखीचं वाटेल, एके-४७ वरचा खटका तसाच दिसतो. बोल्टाची खाच झाकायची युक्ती ब्राउनिंगने चार दशकं आधी केली होती.

आता तुझी लाडकी चकाकी. शंभर वर्षं वापरलेल्या रायफलीचं ब्लूइंग रिसीव्हरच्या खालच्या बाजूने, जिथे हातात धरून चालतात तिथे, उडालेलं असतं. ते नसेल तर विचार कर. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोल गेल्यात का, कारखान्याची अक्षरं पुसट झालीत का, रिसीव्हरच्या धारा गोल झाल्यात का, स्क्रूच्या खाचा चावल्यात का? दोन गोष्टी जरी आढळल्या तरी ती पॉलिश करून पुन्हा निळी केलेली आहे. वापरायला हरकत नाही, संग्राहकाचा भाव देऊ नकोस. डाव्या बाजूला दुर्बिणीसाठी पाडलेली भोकं असतील तर माझा हिशेब निम्म्या किमतीचा. पुंगळी वरून उडते, म्हणून दुर्बीण बाजूला बसवायची टूम होती, आणि ज्याच्या हातात ड्रिल त्याने ती बसवली.

नळीचा महिना तूच काढू शकतोस. १९२१ पासून रेमिंग्टन नळीवर दोन अक्षरं ठोकत असे, पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. महिने जानेवारीपासून क्रमाने बी, एल, ए, सी, के, पी, ओ, डब्ल्यू, डी, ई, आर, एक्स, म्हणजे 'ब्लॅकपावडर' हा शब्द आणि पुढे एक्स. वर्षाचं वाय म्हणजे १९३०. 'के वाय' दिसलं तर मे १९३०. पण हे नळीचं वय, नळी नंतर बदललेली असू शकते.

विक्रेता बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीची गोष्ट सांगेलच. २३ मे १९३४ ला लुईझियानात त्यांना गाठलं तेव्हा पोलिसांकडे मॉडेल ८ होती, हे खरं आहे. पण त्या गोष्टीचे पैसे या रायफलीला लावायचे नाहीत.

पहिल्यांदा रेंजवर नेशील तेव्हा पाच काडतुसं भरू नकोस. आधी एक. गोळी सुटल्यावर बोल्ट मागे उघडा राहिला पाहिजे. पुंगळी उचलून बघ. बुडाच्या थोडं वर चकचकीत वळं दिसलं तर पितळ ताणलं गेलंय, हेडस्पेस (बंद बोल्टापुढे काडतुसाला मिळणारी जागा) मोजून घ्यायला हवी, गोळीबार बंद. ठीक असेल तर दोन भर. चुकून एका ओढीत दोन सुटल्या तरी तिथेच थांबतं, म्हणून दोनच. असं दहा वेळा झालं की मग पाच. उघड्या साइटने १०० यार्डांवर तीन-चार इंचांत गोळ्या बसल्या तर ती उत्तम अवस्थेत आहे. तेल पातळ आणि पुसट लाव. ग्रीस थंडीत घट्ट होतं आणि नळी रेंगाळते.

कागदपत्रांचं थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२२ पासून अर्धस्वयंचलित रायफल विकत घ्यायला वेगळा परवाना लागतो, आणि खासगी व्यवहारही डीलरमार्फत, खरेदीदाराच्या पार्श्वभूमीच्या तपासणीनेच. शिकारीला चेंबर धरून जास्तीत जास्त सहा काडतुसं, ते इथे आपोआप जमतं: मॅगझीनमध्ये पाच, चेंबरमध्ये एक. तुझं ग्रीनकार्ड झालंय, तुला अडचण नाही. तुझा मेहुणा एच-वन-बीवर आहे, त्याच्याकडे वैध हंटिंग लायसन असल्याखेरीज रायफल त्याच्या हातात देऊ नकोस. हा केंद्रीय कायदा आहे आणि तो गमतीत घेत नाहीत. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफलीला वर्षानुवर्षं मनाई होती, सीमा ओलांडायच्या आधी त्या वर्षीचं नियमपुस्तक वाच. आणि निवृत्तीनंतर नाशिकला घेऊन जायचा विचार मनातून काढ. तिथे १९७२ नंतर शिकारच उरली नाही.

तू स्वस्तात मिळणाऱ्या रेमिंग्टन ७४२ बद्दलही विचारलंयस. ती १९६० ते १९८० ची, गॅसवर चालणारी. बोल्ट मागे ओढून रिसीव्हरच्या आतल्या रुळांवर बॅटरी मार. रुळांवर करवतीसारखे दाते पडलेले असतील तर बोल्टाने रिसीव्हर खाल्लाय, आणि ते दुरुस्त करण्यात रायफलीपेक्षा जास्त पैसे जातात. दाते नसतील तर हंगाम-दोन हंगाम मजेत चालेल.

रेमिंग्टनचा न्यूयॉर्कमधला इलियनचा कारखाना २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाला, तेव्हापासून तुझ्या भागात 'अस्सल इलियन' म्हणून भाव चढवताहेत. सगळ्याच मॉडेल ८ इलियनच्या, त्यात विशेष काही नाही.

विक्रेत्याकडून चार फोटो मागव: जॅकेट खालून, कुंद्याची मान दोन्ही बाजूंनी, आणि कॅलिबरचा ठसा जवळून. आले की पाठव.

वहिनींना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत